केस कोणापुढे मांडायची

आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा मी शाळेत होते. गाव एका दिवसात बुडत नाही. आधी नोटीस येते, मग मोजणी होते, मग अर्धे लोक निघून जातात आणि मागं राहिलेल्यांना त्यांच्या उघड्या भिंती पाहत राहावं लागतं. आम्ही मागं राहिलेल्यांतले. बाबांनी आमचं घर आपल्याच हातानं उतरवलं. छपरावरचे कवेलू काढले, खालचे लाकडी फाटे काढले, दाराची चौकट उपसून बंडीत टाकली. पुनर्वसनाच्या गावातल्या सिमेंटच्या घराला ती चौकट काही बसली नाही. बाबा दोन्ही दारांना लावून पाहत राहिले आणि मग तिला भिंतीशी टेकवून ओट्यावर बसले. ते बसले ते जवळजवळ बसूनच राहिले.

आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, तांदूळ होत असे, विकायला थोडा आणि खायला पुरता. नव्या गावात प्लॉटला नंबर होता, पण जवळपास बांधी नव्हती. एक-दोन हंगाम बाबा कोंढ्याकडं दुसऱ्याच्या शेतात चिखलणीला गेले. मग जाणं बंद केलं. मग बोलणं कमी झालं. नातेवाईक यायचे, चहा प्यायचे आणि जाताना मायला म्हणायचे, "त्याले पान्याचं लागलं." जणू पाणी म्हणजे भूत. मायनं ते ऐकून घेतलं आणि रोवण्याच्या, म्हणजे धान लावणीच्या, मजुरीवर घर चालवलं. आषाढ-श्रावणात तिच्या पायांच्या बोटांमध्ये चिखल्या होऊन सालटं निघायची. रात्री ती त्यांना गोडेतेल लावायची आणि सकाळी पुन्हा चिखलात. आम्ही पेज प्यायचो. कधी पेजेत मीठ असायचं, कधी मिठाबरोबर मिरची.

हे मी कोणाची दया यावी म्हणून सांगत नाही. मी कुठून निघाले हे माहीत नसलं तर पुढं मी एवढी अडून का बसले ते कळणार नाही.

मी शिकले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आधी बी.ए. केलं, मग नागपूरला समाजकार्यात एम.ए. आमच्या आत्यानं त्यावर चारचौघांत सांगितलं, "पोरगी बोलाले शिकली न बाप मुका झाला." सगळे हसले. मीही हसले, कारण न हसता तिथं बसणं शक्य नव्हतं.

नोकरी लागली ती समुपदेशकाची. एका संस्थेनं अड्याळला बाजारामागच्या गल्लीत एक खोली घेतली होती. तिथं मी बसायचे. ज्यांना झोप लागत नाही, ज्यांना उगाच रडू येतं, ज्यांच्या घरात कोणी फवारणीच्या औषधाकडं हात नेला आहे, अशी माणसं यायची. खोलीचं दार पूर्ण लावता येत नव्हतं. लावलं की बाहेरचे म्हणत, आत काहीतरी चालू आहे. उघडं ठेवलं की आतलं माणूस बोलत नसे. शेवटी मी दार अर्धं लोटून त्यात पायपोस अडकवायला शिकले. हे कोणत्या पुस्तकात नव्हतं.

मग संस्थेनं नवा नियम आणला. समुपदेशकाचं शिक्षण एकदा पदवी मिळाली की संपत नाही, म्हणून प्रत्येकानं निरंतर व्यावसायिक विकासाचा अभ्यासक्रम पूर्ण करायचा. महिन्यातून एकदा भंडाऱ्याला जायचं, गटात बसायचं, आपल्याकडं आलेल्या केसेस नावं बदलून मांडायच्या. एक अनुभवी मॅडम आणि गटातले बाकीचे समुपदेशक त्यावर बोलणार, कुठं चुकलं, कुठं जमलं ते सांगणार. याला सुपरव्हिजन म्हणतात. ठरलेल्या केसेस मांडून झाल्या की प्रमाणपत्र. प्रमाणपत्र नसेल तर करार पुढं वाढणार नाही, आणि करार नसेल तर अड्याळची खोली बंद. दुसरं कोणी तिथं यायला तयार नव्हतं.

मायला हे समजावलं तेव्हा ती तांदूळ पाखडत होती.

"निरंतर म्हंजे?"

"म्हणजे सतत. नेहमी."

"म्हंजे हे शिक्सन संपतच नाई?" तिनं सूप खाली ठेवलं. "तुले नोकरी लागली तवा मी देवाले नारळ फोडला का झालं बा आता. तो नारळ वायाच गेला मंग."

"वाया नाही गेला, माय."

"पोरी, मास्तराले कोनी दरसाल परीक्षा देवाले लावते का? तुलेच काहून?"

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. मी पेज पिऊन एम.ए. झाले आणि आता मला बसून ऐकायचं की मला ऐकता येत नाही?

भंडाऱ्याचा तो हॉल भांड्यांच्या दुकानाच्या वर होता. खाली दिवसभर ठोकाठोक. मॅडम नागपूरहून यायच्या, साठीच्या जवळ, स्वच्छ प्रमाण मराठी, वेळेच्या पक्क्या. गटात आम्ही थोडेच. त्यातले एक सर दुसऱ्या तालुक्यात शाळेतल्या पोरांचं समुपदेशन करायचे, पण राहायचे अड्याळच्या पलीकडच्या गावात. हिवाळ्यात ते झाडीपट्टीच्या नाटकात काम करायचे. पहिल्याच दिवशी मॅडमनी त्यांना क्लायंटची भूमिका करायला सांगितली. क्लायंट म्हणजे आमच्याकडं मदतीला येणारा माणूस. सरांनी असा हंबरडा फोडला की खालची ठोकाठोक थांबली.

मॅडम म्हणाल्या, "सर, क्लायंट इतक्या मोठ्यानं रडत नाही."

"मॅडम, मागच्या लायनीले ऐकू गेलं पायजे ना जी."

"इथं मागची लाइन नाही."

"सवय आहे जी."

मीही हसले. सर चांगले माणूस होते, हे मी आधीच सांगून ठेवते. पुढं जे झालं ते त्यांच्या चांगुलपणातूनच झालं.

माझी केस मांडायची पाळी आली तेव्हा मी अड्याळच्या बाजारात शिंगाडे विकणाऱ्या एका बाईची केस घेतली. ती कोणाच्याही हातातून पैसे घेऊ शकत नसे. हाताला हात लागला की तिला घरी जाऊन हात धूत बसावं लागे, कातडी सोलून निघेपर्यंत. म्हणून ती गिऱ्हाइकाला म्हणायची, पाटीत टाका. असं का होतं त्याचं कारण तिनं मला सांगितलं होतं. ते मी तेव्हा गटालाही पूर्ण सांगितलं नाही आणि इथंही सांगणार नाही. शिवाय इथं लिहिताना मी आणखी काही गोष्टी बदलल्या आहेत. कोणत्या, तेही सांगणार नाही.

शिकवल्याप्रमाणं मी सगळं झाकलं. वय बदललं. मुलं बदलली. गाव साकोलीकडं नेलं. शिंगाड्याच्या जागी भाजी ठेवली. पण पैसे पाटीत टाकणं ठेवावंच लागलं. तोच तर तिचा आजार होता. तो काढला तर मांडायला उरलं काय?

चर्चा चांगली झाली. मॅडमनी मला सांगितलं की मी तिला हात धुण्यापासून थांबवायची फार घाई करते आहे. ते खरं होतं. त्या दिवशी मी शिकले आणि मला ते आवडलंही.

मग चहा आला. सर कप घेऊन माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताई, ते शिंगाड्यावाली मावशी ना?"

मी कप खाली ठेवला. "कोण?"

"तुमी भाजी केली, पन मी बाजारात तिच्यापाशीच घेतो ना. दर हप्त्याले मस्करी करतो तिची, का मावशी, माहे पैसे काय खोटे आहेत? मले काय मालूम का असं दुखनं आहे म्हनून." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "कोनाले सांगनार नाई जी. आईची शपथ."

त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मी आजही ते मानते. त्यांनी फक्त एवढंच केलं की पुढच्या बाजाराला त्यांनी मस्करी केली नाही. तिनं म्हणण्याच्या आधीच पैसे पाटीत ठेवले, अलगद, आणि म्हणाले, "राहू द्या मावशी, आरामानं."

ती माझ्या खोलीत आली तेव्हा बसली नाही. अर्ध्या दारातूनच बोलली.

"बाई, तुमी सांगतलं त्या गुर्जीले."

"मावशी, मी नाव नाही सांगितलं."

"नाव कायले पायजे? येवडे साल तो मानूस माही मस्करी करत होता. परवा त्यानं माह्याकडं असं पाह्यलं, जसं कोनी मयतीच्या घरी पाह्यते." तिनं पदर खोचला. "मस्करी करत होता तवा बरा होता."

ती गेली आणि पुन्हा आली नाही.

मी नियमाप्रमाणं वागले होते. नाव बदललं, गाव बदललं, जे बदलायला सांगितलं ते सगळं. पण तो नियम ज्यांनी लिहिला त्यांच्या शहरात एका रोगाची शंभर माणसं असतील. आमच्याकडं पैसे पाटीत टाकायला सांगणारी बाई एकच. आमच्या जिल्ह्यात माणूस नावावरून ओळखला जात नाही. कोणाची सून, कोणत्या तलावाजवळची, कोणत्या बाजाराला बसते, यावरून तो कळतो. यातलं सगळं झाकलं तर केस उरत नाही, आणि उघडं ठेवलं तर माणूस उरत नाही.

आणि मला अजून केसेस मांडायच्या होत्या.

पुढचे महिने मी त्यातच अडकून राहिले. खोलीत कोणी बोलायला लागलं की माझ्या मनात आधी हेच यायचं, ही केस झाकता येईल का? ही येणार नाही, हिचा दीर सगळ्यांना माहीत. ही येणार नाही, हिच्या विहिरीची गोष्ट पेपरात आली होती. मी माणसाचं ऐकत नव्हते, त्याला गाळून पाहत होते. एसटीत बसले की वाटे, उतरूच नये, गाडी भंडाऱ्यावरून तशीच पुढं जावी. घरी आले की ओट्यावर बाबा. त्यांच्या शेजारून आत जाताना मी रोज चपला नीट लावायचे, जेणेकरून त्यांच्याकडं पाहावं लागू नये. अख्ख्या तालुक्याचं ऐकायचा मला पगार मिळत होता आणि ज्या माणसाचं ऐकायला हवं होतं तो काही बोलत नव्हता. आपल्याच घरच्या माणसाचं समुपदेशन करायचं नसतं, हाही नियमच. तो मला सोयीचा होता म्हणून मी तो कसून पाळत होते.

मायनं एकदा विचारलं, "तुले काय झालं? घरात अशी फिरतेस जशी पाहुनी."

"काम जास्त आहे."

"काम मलेबी होतं. मी काय भिंतीशी बोलत होती?"

मॅडमचा फोन आला. पुढच्या बैठकीला केस आणली नाही तर संस्थेला तसं कळवावं लागेल. त्या रागावल्या नव्हत्या, जे होतं ते सांगत होत्या.

तेव्हा मी एक केस तयार केली. बाई, तिशी उलटलेली, सरकारी दवाखान्यात सिस्टर, लाखनीकडची. सासरा शेती गेल्यापासून बोलत नाही. बाई दवाखान्यात पेशंटचं सगळं करते, पण घरी कोणाजवळ बसत नाही. उभ्यानं जेवते. कोणाकडून पाण्याचा तांब्याही मागून घेत नाही. शिकली म्हणून घरात तिचा मान आहे आणि त्या मानातच ती कोंडली गेली आहे. अशी बाई नव्हतीच. सिस्टर काढा, सासऱ्याच्या जागी बाप ठेवा, की ती मी. माझ्या हिशेबानं यात कोणाचं काही उघडं पडणार नव्हतं. जिची गोष्ट तिची परवानगी होतीच.

मी केस वाचली. गट कामाला लागला. मी वही मांडीवर घेऊन बसले, जशी केस आणणारी बसते.

गटातली एक तरुण समुपदेशक म्हणाली, "मला वाटतं हिला त्या सासऱ्याचा राग आहे."

"राग असता तर भांडली असती," सर म्हणाले. "ही बाई घमेंडी आहे. तांब्या मागितला तर आपुन लहान होऊ असं वाटते तिले. अशा लोकांले मदत घ्याची म्हनली का ताप येते."

मॅडम म्हणाल्या, "घमेंड हा शब्द आपण वापरायचा नाही. त्यामागं काय असेल?"

"भीती," कोणीतरी म्हणालं.

"लाज," ती तरुण मुलगी म्हणाली. "सासऱ्याची लाज वाटते तिला. शिकली, पुढं गेली, आणि घरात हे असं माणूस. म्हणून ती त्यांच्याकडं बघत नाही."

मी वही बंद केली. "लाज नाही!"

सगळे माझ्याकडं पाहायला लागले.

"लाज कशाची? त्या माणसानं आपलं घर आपल्या हातानं उतरवलं, कोणापुढं हात पसरला नाही. तुम्हाला काय माहीत? तो बोलत नाही कारण त्याच्याशी बोलण्यासारखं कोणाजवळ काही नाही. माझ्याजवळही नाही. मी काय म्हणू त्याला, बाबा, बांधी कुठं गेली?"

खाली कोणीतरी पातेलं ठोकत होतं.

"म्हंजे..." सर म्हणाले. "ताई, तुमीच का?"

मी वही पिशवीत घातली.

"बरं झालं जी, मी घमेंडीवरच थांबलो. अजून दोन शब्द होते माह्यापाशी."

ती मुलगी आधी हसली आणि मग रडायला लागली. मी मात्र रडले नाही. मला एवढा राग आला होता की रडायला जागाच नव्हती.

बाकीचे गेल्यावर मॅडमनी मला थांबवून घेतलं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला नाही, हे मला बरं वाटलं. म्हणाल्या, "ही केस धरता येणार नाही. हा क्लायंट तुमच्याकडं मदतीला आलेला नाही."

"ठीक आहे."

"आणि तुम्ही स्वतः कोणाकडं तरी जा. माझ्याकडं नको, मी तुमची सुपरवायझर आहे. मी एक पत्ता देते."

"मॅडम, मला काही झालेलं नाही."

"तांब्या," त्या म्हणाल्या आणि पर्स उचलली.

पुढच्या महिन्यात मी हॉलवर गेले तेव्हा सरांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. चहा स्वतः आणून दिला, बशीवर कप ठेवून, अलगद. आवाज न करता बोलले. तो माणूस, ज्याचा आवाज मागच्या लायनीपर्यंत जायचा, माझ्याशी कुजबुजत होता. त्या मुलीनं मला बिस्किटाचा पुडा पुढं केला आणि नजर खाली घातली. सगळे एवढे चांगले वागत होते की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"सर," मी म्हटलं, "मस्करी करा."

"हां जी?"

"माझी मस्करी करा. नेहमीसारखी. नाहीतर मी उठून जाते."

त्यांना कळायला वेळ लागला. मग ते मोठ्यानं म्हणाले, "आल्या बाईसाहेब! तांब्या घरीच ठेवला का आनला सोबत?" आणि सगळा हॉल हसला, आणि मी खुर्चीत टेकून बसू शकले.

त्या आठवड्याच्या बाजाराला मी शिंगाडेवालीकडं गेले. उकडलेल्या शिंगाड्यांची वाफ येत होती. तिनं मला पाहिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचं वजन करत राहिली. मी थांबले. माझी पाळी आल्यावर मी पैसे पाटीत टाकले आणि जे झालं ते सांगितलं. कोणासमोर बोलले, काय बोलले, काय बदललं, काय ठेवलं, आणि का.

ती तराजूच्या दोऱ्या सरळ करत होती. "मंग मले इचारलं काहून नाई?"

"विचारायचं असतं असं शिकवलंच नव्हतं, मावशी. नाव झाकायचं, एवढंच."

"इचारलं असतं तर मी सांगतलं असतं, हे सांगा न हे राहू द्या. गुर्जी हाये त्या घोळक्यात, हे बी सांगतलं असतं तर म्हनली असती, त्याच्यापुढं नोको. दुसऱ्यापुढं बोला." तिनं शिंगाडे माझ्या पिशवीत ओतले. "तुमाले काय वाटलं, मले कळनार नाई?"

"याल का पुन्हा खोलीवर?"

"तुमच्याकडं नोको बाई. राग नाई माहा. पन नोको."

मी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं आणि म्हटलं, आमच्या जिल्ह्यात केस गटापुढं आणायच्या आधी ती त्या माणसाला वाचून दाखवायला हवी. काय ठेवायचं, काय काढायचं, कोणापुढं मांडायची, ते त्याला ठरवू दे.

मला वाटलं मॅडम शाबासकी देतील. त्यांनी विचारलं, "तुमच्यासमोर बसलेल्या बाईला 'नाही' म्हणता येईल का? तुम्ही तिची एकमेव मदत आहात. ती हो म्हणेल आणि घरी जाऊन पस्तावेल."

मला राग आला, कारण मुद्दा खरा होता. आम्ही दोघी त्यावर बरेच दिवस भांडलो. फोनवर, एसटी स्टँडवर, एकदा त्यांची नागपूरची गाडी सुटत असताना खिडकीतून. शेवटी असं ठरलं की विचारायचं, पण उत्तर त्याच दिवशी घ्यायचं नाही. माणसानं घरी जावं, विचार करावा, आणि पुढच्या वेळेला सांगावं. पुढच्या वेळेला आलाच नाही, तर तेही 'नाही' असंच धरायचं. आणि केस आमच्या गटात मांडायचीच नाही. दूरच्या जिल्ह्यातल्या एका गटाशी आम्ही अदलाबदल केली. त्यांच्या केसेस आम्ही ऐकायच्या, आमच्या त्यांनी, फोनच्या पडद्यावर. त्यांच्यातल्या कोणाला आमचा बाजार माहीत नव्हता. पहिल्याच बैठकीला मी झोप न लागणाऱ्या एका मजूर बाईची केस मांडली. त्यांनी मला विचारलं, रोवणा म्हणजे काय, आणि त्याचा या बाईच्या झोपेशी काय संबंध? मी सांगितलं, रात्रभर पाय ठणकतात आणि पहाटे पुन्हा चिखलात उतरायचं असतं. सांगताना माझ्याच लक्षात आलं की ही गोष्ट मी त्या बाईला एकदाही विचारली नव्हती.

सगळ्यांनी हो म्हटलं नाही. काही जण पुढच्या वेळेला आलेच नाहीत, आणि त्या केसेस मी सोडून दिल्या. त्यामुळं माझा अभ्यासक्रम लांबला आणि करार मधे काही काळ तुटला. त्या काळात मी पगाराशिवाय खोली उघडत होते, आणि घरचा खर्च पुन्हा मायच्या मजुरीवर आला. ती एक दिवस चुलीपुढं म्हणाली, "इतकी शिकली न पुन्हा माह्याच चिखलावर जेवून राहिली." मी ताट घेतलं आणि तिच्याजवळ खाली बसून जेवले. पाणी मागितलं. तिनं माझ्याकडं पाहत पाहत तांब्या सरकवला. दुसऱ्या दिवशी मात्र शेजारणीला सांगितलंच, "पोरीचं काही तरी बिनसलं."

मॅडमनी दिलेल्या पत्त्यावर मी गेले. समोरच्या खुर्चीत बसणं मला अजूनही आवडत नाही. दर वेळी दारातून परत फिरावंसं वाटतं. पण जाते.

बाबांचं मी काही केलं नाही, ते माझं कामही नव्हतं. मी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी मानसिक आजाराच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले, एवढंच. औषधं चालू आहेत. ते अजून कमीच बोलतात. पण रोवण्याच्या दिवसांत कधीकधी उठून शेताकडं चक्कर मारून येतात, आणि आल्यावर मायला सांगतात कोणाचे परे, म्हणजे रोवायची रोपं, पिवळे पडले.

शिंगाडेवाली बाई माझ्याकडं परत आली नाही. मॅडमच्या ओळखीनं ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका समुपदेशकाशी फोनवर बोलायला लागली. तिचं काय चाललं आहे ते मला माहीत नाही आणि मी विचारत नाही. बाजारात मी तिच्याकडूनच शिंगाडे घेते. हे लिहिण्याआधीही तिला विचारलं, आणि तिचं उत्तर पुढच्या बाजाराला घेतलं. सर तिची पुन्हा मस्करी करतात, असं ऐकते.

मागच्या वर्षी माझा अभ्यासक्रम पूर्ण झाला. करार परत मिळाला, आणि अड्याळची खोली चालू आहे. माणसाला आधी विचारायचं, उत्तर पुढच्या वेळेला घ्यायचं आणि केस दूरच्या गटापुढं मांडायची, ही पद्धत संस्थेनं आपल्या सगळ्या केंद्रांसाठी लावली. आता तालुक्यातल्या नव्या समुपदेशकांचं सुपरव्हिजन मी घेते.